जेवणाआधीचे आणि जेवणानंतरचे रक्त : मधुमेहविषयक मराठी लेखनातील संप्रेरकविचाराची समीक्षा

सारांश

मधुमेहाविषयी मराठीत विपुल लोकप्रिय लेखन झाले आहे. या लेखनाचा भर प्रामुख्याने दोन आकड्यांवर असतो : उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर. या आकड्यांमागील कारण सांगताना बहुतेक वेळा इन्सुलिन या एकाच संप्रेरकाचा आधार घेतला जातो. प्रत्यक्षात जेवणाच्या अलीकडे-पलीकडे रक्तात अनेक संप्रेरकांची चढउतार होत असते, आणि मधुमेहात बिघाड होतो तो या परस्परसंबंधात. प्रस्तुत लेखात मराठी लेखनातील एक-संप्रेरक मांडणीची चिकित्सा केली असून, 'पातळी' आणि 'क्रिया' यांतील भेद न पाळल्याने सामान्य वाचकाचा व रुग्णाचा कोणता गैरसमज होतो, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : मधुमेह, संप्रेरक, इन्सुलिन, ग्लुकागॉन, इन्क्रेटिन, लोकप्रिय आरोग्यलेखन

१. प्रस्तावना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात मांडलेला आढळतो. प्रौढ लोकसंख्येशी हे प्रमाण ११.४ टक्के पडते. मधुमेह हा आता केवळ वैद्यकाचा विषय राहिलेला नाही. तो घराघरांतील रोजच्या बोलण्याचा विषय झाला आहे आणि म्हणूनच तो भाषेचाही विषय आहे. प्रस्तुत लेखिका मराठीची अध्यापक आहे. वैद्यकशास्त्रातील अधिकार तिच्याकडे नाही. तथापि एखादे शास्त्र लोकभाषेत कसे मांडले जाते आणि त्या मांडणीतून वाचकाची समजूत कशी घडते, हा भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेतला प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारणीभूत झाला. लेखिकेच्या वडिलांना मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी साखर वाढेल या धास्तीने त्यांनी रात्रीचे जेवण जवळजवळ बंद केले. तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर चढीच येई. "रात्री काही खाल्लंच नाही, तर साखर आली कुठून?" हा त्यांचा प्रश्न होता. घरातल्या कोणाकडेही त्याचे उत्तर नव्हते. मग उत्तराच्या जागी संशय आला. ते रात्री उठून डब्यातले काहीतरी खात असावेत, असे आम्ही घरच्यांनी ठरवून टाकले. डबे मोजले गेले. ते निर्दोष होते, हे आम्हांला बऱ्याच उशिरा समजले. साखर डब्यातून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या यकृतातून येत होती. आमच्या घरात मराठी आरोग्यविषयक वाचनाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती त्या वाचनात एका आवश्यक गोष्टीची. ती गोष्ट कोणती, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

२. दोन आकड्यांची भाषा

'मधुमेह' हा शब्द प्राचीन आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या वीस प्रकारांत त्याचा समावेश होतो. या नावात लक्ष आहे ते मूत्राच्या गोडीकडे. आधुनिक काळात हे लक्ष रक्ताकडे वळले, परंतु 'गोडी' कायम राहिली. आज मराठीत या विकाराला सर्रास 'शुगर' म्हणतात. "त्यांना शुगर आहे" या वाक्यात विकार आणि त्याचे लक्षण एकरूप झाले आहेत. पुढचा तर्क आपोआप येतो : साखर वाढली, म्हणजे साखर खाल्ली.

प्रयोगशाळेच्या अहवालातील 'उपाशीपोटी' आणि 'जेवणानंतर दोन तासांनी' हे दोन रकाने याच समजुतीला बळ देतात. मराठी घरात 'उपाशी' आणि 'उपास' हे शब्द सख्खे असले तरी त्यांचा व्यवहार वेगळा आहे. एकादशीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळी आणि बटाटे चालतात. अर्थात पिष्टमय पदार्थांचे प्रमाण त्या दिवशी एरवीपेक्षा वाढण्याचाच संभव अधिक. तपासणीच्या दिवशी मुद्दाम हलके जेवण घेऊन दुसरा आकडा चांगला आणणारेही अनेक असतात. परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा आहे. हा त्याचाच वडीलधारा अवतार म्हणावा लागेल.

हे दोन आकडे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. निदानाचे निकष आजही ग्लुकोजवरच आधारलेले आहेत : उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० मिलिग्रॅम, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के व त्याहून अधिक. आक्षेप आकड्यांवर नसून त्यांच्या अर्थनिर्णयनावर आहे. ग्लुकोजचा आकडा हा परिणाम आहे. तो ज्या घडामोडींतून निष्पन्न होतो, त्या घडामोडी लोकप्रिय लेखनात येत नाहीत. आल्याच तर एका रूपकाच्या आधाराने येतात.

३. कुलूप आणि किल्ली : एका रूपकाची मर्यादा

ते रूपक म्हणजे कुलूप-किल्लीचे. पेशी हे कुलूपबंद घर, इन्सुलिन ही किल्ली. किल्ली नसेल किंवा कुलूप गंजले असेल, तर साखर बाहेर रक्तातच अडकून पडते. रूपक सुबोध आहे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील भेद त्यातून चटकन लक्षात येतो.

तथापि या रूपकात साखर नेहमी बाहेरून, म्हणजे ताटातून येते. घराच्या आतही साखर तयार होते, हे त्यात बसत नाही. माणूस झोपलेला असताना मेंदूला ग्लुकोजचा पुरवठा चालू ठेवण्याचे काम यकृत करते. त्याला 'साखर सोड' असे सांगणारे प्रमुख संप्रेरक ग्लुकागॉन होय, आणि 'आता पुरे' असे सांगणारे इन्सुलिन. निरोगी माणसात या दोहोंचा तोल रात्रभर सांभाळला जातो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनचा निरोप यकृतापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, ग्लुकागॉनचा मात्र पोहोचतो. पहाटे कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरक त्यात भर घालतात. परिणामी रात्री न जेवलेल्या माणसाचीही सकाळची साखर वाढलेली दिसते. कुलूप-किल्लीच्या रूपकावर वाढलेल्या वाचकाला हे कोडेच वाटणार, आणि कोडे सुटले नाही की माणूस आरोपी शोधू लागतो.

या रूपकाला ऐतिहासिक कारणही आहे. टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड व कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला टोचण्यात आले. मृत्यूच्या दारातून मुले परत आली. एवढ्या मोठ्या विजयापुढे दुसरे काही दिसू नये, हे स्वाभाविक होते. ग्लुकागॉन हे नाव पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये पडले, पण मधुमेहाच्या कथेत ते दीर्घकाळ दुय्यम पात्रच राहिले.

४. मोजमापाने उघड केलेला पट

संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांचे अचूक मोजमाप शक्य झाले ते रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास विकसित केलेल्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे. या कार्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच, १९७२ मध्ये निवर्तले होते. या पद्धतीने पहिला धक्का दिला तो रूढ समजुतीला. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन पुरेसे, किंबहुना काही वेळा जास्तच आढळले. अभाव नव्हता, तरी आजार होता.

दुसरा महत्त्वाचा टप्पा १९७० चा. रॉजर उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेवणाआधी व जेवणानंतर ग्लुकागॉन मोजले. निरोगी व्यक्तींमध्ये पिष्टमय जेवणानंतर ते घटले. मधुमेहींमध्ये घटले नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. ताटातून साखर येत असतानाच यकृतही साखर सोडत राहते. जेवणानंतरचा चढा आकडा हा केवळ ताटाचा नसून ताट आणि यकृत या दोहोंच्या बेरजेचा असतो.

तिसरा टप्पा आतड्याचा. तोंडावाटे घेतलेले ग्लुकोज हे शिरेतून दिलेल्या तेवढ्याच ग्लुकोजपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिन स्रवण्यास कारणीभूत होते, हे १९६४ मध्ये दिसून आले. अन्न आतड्यात पोहोचताच आतडे स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते. ही वर्दी देणारी संप्रेरके म्हणजे इन्क्रेटिने. त्यांपैकी जीआयपी व जीएलपी-१ ही प्रमुख. निरोगी माणसात तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजनंतरच्या इन्सुलिनस्रावाचा निम्म्याहून अधिक भाग या वर्दीमुळे घडतो. मायकेल नाउक व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा परिणाम बराच क्षीण झालेला असतो.

याखेरीज बीटा पेशींतून इन्सुलिनसोबतच स्रवणारे व जठर रिकामे होण्याचा वेग कमी करणारे अमायलिन १९८७ मध्ये, तर जेवणापूर्वी वाढणारे व जेवणानंतर घटणारे भुकेचे संप्रेरक घ्रेलिन १९९९ मध्ये प्रकाशात आले. जेवण ही घटना अशा रीतीने जठर, आतडे, स्वादुपिंड, यकृत व मेंदू यांच्यातील संवादाची घटना ठरते. मराठी लेखनात हा संवाद एका पात्राच्या स्वगताएवढा आक्रसला आहे.

५. पातळी आणि क्रिया

येथे या लेखाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळू. 'संप्रेरकाची पातळी' हा शब्दप्रयोग साखरेच्या पातळीच्या धर्तीवर रूढ झाला आहे. परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. साखर हा पदार्थ आहे, संप्रेरक हा निरोप आहे. निरोप किती धाडले गेले, यावरून ते ऐकले गेले की नाही, हे कळत नाही.

जीआयपीचे उदाहरण बोलके आहे. मधुमेहींमध्ये जेवणानंतर जीआयपी पुरेसे स्रवते, पण इन्सुलिन वाढविण्याची त्याची क्रिया जवळजवळ लोपलेली असते. याउलट जीएलपी-१ ची पातळी काही अभ्यासांत कमी, तर अनेकांत निरोगी व्यक्तींइतकीच आढळली. मात्र बाहेरून अधिक मात्रेत दिल्यास त्याची क्रिया टिकून असल्याचे १९९३ मध्ये दिसले. केवळ पातळी पाहणाऱ्याने या दोघांविषयी नेमका उलट निष्कर्ष काढला असता.

इन्सुलिनच्या बाबतीतही असेच घडते. उपाशीपोटीचे इन्सुलिन पूर्वीपेक्षा कमी आले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले, म्हणून स्वादुपिंडाचा भार हलका झाला, हा एक. स्वादुपिंड थकले, म्हणून ते पुरेसे स्रवू शकत नाही, हा दुसरा. पहिला आनंदाचा, दुसरा चिंतेचा. आकडा तोच. शिवाय स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनपैकी सुमारे निम्मे यकृतच प्रथम टिपून घेते. त्यामुळे हातातून काढलेल्या रक्तातील आकडा हा स्रावाचा थेट हिशेब नव्हे. त्यासाठी सी-पेप्टाइड पाहावे लागते. संदर्भ सोडून आकडा वाचणे म्हणजे प्रकरण सोडून एक ओळ उद्धृत करणे.

सर्व मधुमेही एकाच साच्यातील नसतात, ही बाबही येथे महत्त्वाची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील आणि लंडनमधील नवजात बालकांची तुलना केली. वजनाने कमी असलेल्या पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिन तुलनेने अधिक आढळले, असे त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरीकडे, २०१८ मध्ये स्वीडिश संशोधकांनी प्रौढांतील मधुमेहाचे पाच गट सुचविले आणि २०२० मध्ये भारतीय रुग्णांच्याही अशा गटवारीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दोहोंत इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला एक स्वतंत्र गट आढळतो. 'सर्व दोष अतिरिक्त इन्सुलिनचा' किंवा 'सर्व दोष इन्सुलिनच्या अभावाचा', ही दोन्ही विधाने म्हणून अपुरी ठरतात.

६. दोनदा की दर दोन तासांनी? : एका वादाचे परीक्षण

महाराष्ट्रात जेवण व संप्रेरके यांचा संबंध सर्वाधिक चर्चिला गेला तो आहाराच्या वारंवारतेवरील वादातून. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांच्या विचारांचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, कडक भूक लागेल तेव्हा आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा पुरस्कार केला. खाण्याच्या प्रत्येक वेळी इन्सुलिन स्रवते, सबब वेळा कमी कराव्यात, हा त्या मांडणीचा गाभा. याउलट ऋजुता दिवेकर यांनी दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा विचार लोकप्रिय केला. लग्नाच्या पंगतीपासून प्राध्यापक कक्षापर्यंत दोन तट पडले.

दीक्षित यांच्या मांडणीचे श्रेय प्रथम नोंदविले पाहिजे. 'उपाशीपोटीचे इन्सुलिन' हा शब्दप्रयोग मराठी घरांत पोहोचविण्यात तिचा मोठा वाटा आहे. येता-जाता खाण्याच्या सवयीवर तिने नेमके बोट ठेवले. मात्र चिकित्सेच्या दृष्टीने तीन प्रश्न उरतात. एक, इन्सुलिन केवळ खाल्ल्यावर स्रवत नाही. दिवसभरातील स्रावाचा सुमारे निम्मा भाग जेवणाशी संबंध नसलेला, मूलभूत स्वरूपाचा असतो. दोन, निरोगी माणसातही जेवणानंतरचे इन्सुलिन मूळ पातळीवर यायला काही तास लागतात आणि मधुमेहींत त्याचा शिखरबिंदूच लांबतो. त्यामुळे ५५ मिनिटांची सीमारेषा व्यवहारातील शिस्त म्हणून समजण्यासारखी असली, तरी शरीरक्रियेचा नियम म्हणून तिला आधार सापडत नाही. तीन, यशाचा पुरावा म्हणून घटलेले उपाशीपोटीचे इन्सुलिन पुढे केले जाते, तेव्हा मागील विभागातील द्व्यर्थ तेथेही लागू होतो.

दुसऱ्या पक्षाचीही हीच परीक्षा व्हायला हवी. हाना काहलेओव्हा व सहकाऱ्यांनी चेक प्रजासत्ताकात दुसऱ्या प्रकारच्या ५४ मधुमेहींवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समान उष्मांकाचा आहार बारा आठवडे दोन जेवणांत आणि बारा आठवडे सहा छोट्या जेवणांत विभागून देण्यात आला. दोन जेवणांच्या काळात वजन, यकृतातील चरबी व उपाशीपोटीचे ग्लुकोज अधिक घटले. दर दोन तासांनी खाणे मधुमेहींना अधिक हितकर, या दाव्याला हा अभ्यास छेद देतो. पण ती दोन जेवणे न्याहारी आणि दुपारचे जेवण अशी होती. दुपार-रात्र अशी दोन जेवणे घेणाऱ्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

याची दुसरी बाजू २०१५ मध्ये डॅनिएला याकुबोविच व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसते. २२ मधुमेहींनी एके दिवशी न्याहारी घेतली आणि एके दिवशी दुपारपर्यंत काही खाल्ले नाही. न्याहारी टाळलेल्या दिवशी तेच दुपारचे व रात्रीचे जेवण घेऊनही साखर अधिक चढली, इन्सुलिन उशिरा व कमी आले, जीएलपी-१ कमी आढळले आणि ग्लुकागॉन मात्र अधिक राहिले. थोडक्यात, जेवणांची संख्या हा अपुरा प्रश्न आहे. कोणत्या वेळी, कशानंतर काय खाल्ले, हा अधिक फलदायी प्रश्न ठरतो.

क्रमाच्या संदर्भात आल्पना शुक्ला व सहकाऱ्यांचा २०१५ चा छोटा अभ्यासही विचारात घेण्याजोगा आहे. ११ व्यक्तींनी तेच अन्न उलट क्रमाने घेतले. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ नंतर, असा क्रम ठेवला असता जेवणानंतरची साखर तर कमी राहिलीच, इन्सुलिनही कमी लागले. आपल्याकडे पानावर कोशिंबीर, भाजी, उसळ सारे वाढलेले असते. सुरुवात मात्र परंपरेने वरणभाताने होते. अकरा जणांवरून सार्वत्रिक नियम काढणे योग्य नव्हे. परंतु ताट न बदलता केवळ क्रम बदलण्याचा हा विचार दोन तटांच्या गदारोळात ऐकूच आला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

या वादात सर्वांत जोखमीचा भाग औषधांचा. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याविना जेवण टाळल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. प्रत्येक आहारविषयक लेखात हे वाक्य आरंभीच असावयास हवे. पुष्कळदा ते शेवटी, बारीक टाइपात असते.

७. औषधाच्या नावाने ओळख

इन्क्रेटिनांवर आधारित एक्सेनाटाइड हे औषध २००५ मध्ये, तर जीएलपी-१ चे विघटन रोखणारी सिटाग्लिप्टिन ही गोळी २००६ मध्ये अमेरिकेत संमत झाली. सिटाग्लिप्टिनचे भारतातील एकाधिकार जुलै २०२२ मध्ये संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली. जीआयपी व जीएलपी-१ या दोहोंच्या मार्गाने काम करणारे टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात दाखल झाले. मराठी वृत्तपत्रांत त्याची ओळख 'वजन घटविणारे इंजेक्शन' अशी झाली. जे संप्रेरक प्रत्येक घासानंतर आपल्याच आतड्यातून स्रवते आणि काही मिनिटांत विघटित होते, ते मराठी वाचकाला प्रथम भेटले ते बाजारातील वस्तू म्हणून. लोकप्रिय विज्ञानलेखनाने आपले काम वेळेवर केले असते, तर हा क्रम उलटा झाला असता.

८. निष्कर्ष

१) मधुमेहविषयक मराठी लेखन ग्लुकोजच्या आकड्यांत आणि इन्सुलिन या एकाच संप्रेरकात अडकलेले आहे. ग्लुकागॉन व इन्क्रेटिने यांचा विचार त्यात अभावानेच येतो.

२) कुलूप-किल्लीचे रूपक प्राथमिक आकलनास उपयुक्त असले, तरी यकृतातून येणारी साखर त्यातून वगळली जाते. त्यामुळे उपाशीपोटीच्या वाढीव साखरेचा दोष रुग्णाच्या चारित्र्यावर येतो.

३) संप्रेरकाची पातळी आणि त्याची क्रिया यांत भेद केल्याशिवाय कोणत्याही आकड्याचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

४) दोन जेवणे की अनेक, या वादातील दोन्ही पक्षांनी मर्यादित पुराव्यावर सार्वत्रिक नियम उभारले आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक रुग्णाने या सर्व संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी, असे येथे सुचवायचे नाही. त्यांतील अनेक तपासण्या संशोधनापुरत्याच योग्य आहेत. मागणी आहे ती समजुतीची. महाविद्यालयांतील विज्ञान व भाषा विभागांनी एकत्र येऊन मराठीत एक अचूक, सोपी पुस्तिका तयार करणे अशक्य नाही. तिच्यातील पहिला प्रश्न लेखिकेच्या घरातूनच घेता येईल : रात्री काही खाल्ले नाही, तर साखर आली कुठून? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर माहीत असेल, तेथे निदान डबे मोजले जाणार नाहीत.